बारा मीटरवरचा हिरवा ठिपका

३ जुलै, बुधवार

आज मला एक तारा मिळाला. पाचपैकी एक. सुराबायाच्या कुणा दीडशहाण्याने लिहिलंय, "मी आणि माझा मित्र शेजारी शेजारी उभे होतो. माझ्या फोनमध्ये एलियन पुढे, त्याच्या फोनमध्ये मागे. भंपक ॲप." अरे बाबा, एलियन शोधायचं ॲप भंपक नसेल तर काय सरकारी असेल? खाली स्पष्ट लिहिलंय, 'फक्त करमणुकीसाठी'. एक गोल फिरणारी रेघ, एक हिरवा ठिपका, टुंग असा आवाज आणि 'परका जीव, इतक्या मीटरवर' अशी ओळ. ठिपका कुठे पडेल ते फोन मनाला येईल तसं ठरवतो. चार दोस्तांनी एकमेकांवर फोन रोखायचा, 'तूच रे तो' म्हणायचं, हसायचं, संपलं. जकार्ताची नोकरी गेल्यावर रडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून दोन दिवसांत बनवलं होतं मी हे 'एलियन रडार'.

पण तो एक तारा डोक्यात बसला. दुपारभर खपून दुरुस्ती केली. आता ठिपका जागेवरून ठरतो. एका जागी दहा फोन धरा, दहांतही ठिपका तिथेच. उद्या धरा, परवा धरा, तिथेच. आता म्हण भंपक.

मी काय करते ते आईला अजून सांगितलेलं नाही. ती सगळ्या कालिसावाह गावात सांगत फिरते, आमची नूनिंग घरी बसून बँकांची कामं करते. ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना हे सांगताना तिचा आवाज जरा वर चढतो. म्हटलं राहू दे.

९ जुलै, मंगळवार

माझा जुना फोन म्बाह तुगिराहना दिला. गावात कुणाच्याच त्या सख्ख्या आजी नाहीत, पण म्बाह म्हणतात सगळेच. सकाळी सातला जामूच्या, म्हणजे औषधी काढ्यांच्या, बाटल्यांची टोपली पाठीशी बांधून निघतात आणि नऊपर्यंत गाव संपवतात. हळद-चिंचेचं, तांदूळ-कचोऱ्याचं आणि ते कडूजहर गुळवेलीचं. लहानपणी मला ताप आला की नाक दाबून कडू पाजायच्या आणि लगेच वरून आल्या-गुळाचा गोड घोट द्यायच्या. त्या गोडाचा पैसा कधी घेतला नाही त्यांनी कुणाकडून. कडू दिलं की वरून गोड द्यायचंच, ही जामूवालीची रीत. नाहीतर माणूस दिवसभर तोंड वाकडं करून फिरेल आणि शिव्या जामूवालीला बसतील.

शहरात म्हणे फोनवर सांगून जामू मागवतात, मलाही शिकव, म्हणाल्या. अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली. आतलं काही पुसायचा मी कंटाळा केला, माझं रडारही तसंच राहिलं. त्यांनी ते उघडून विचारलं, हे काय? म्हटलं, आसपास कोण आहे ते सांगतं. गंमत म्हणून.

स्वयंपाकघरात भिंतीवर वारिदीचा फोटो आहे, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा. परदेशी मासेमारी जहाजावर गेला त्याला सतरा वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही, गेल्याचंही कुणी कळवलं नाही. म्हणून म्बाहनी त्याच्या नावाने ना सात दिवसांचं जेवण घातलं, ना चाळीस दिवसांचं, आणि वाट बघणंही सोडलं नाही. येताना फोटोवरची धूळ पुसून आले. बरं वाटलं. आज एक तरी चांगलं काम केलं.

२१ जुलै, रविवार

संध्याकाळी गस्तीच्या चौकीपाशी गर्दी. मला वाटलं भांडण लागलं. बघते तर सगळ्या पोरांच्या हातात माझं ॲप! सहा फोन आणि सहांतही ठिपका एकाच बाजूला, बारा मीटरवर. चौकीवरून बारा मीटर म्हणजे बरोबर म्बाहचं स्वयंपाकघर. "म्बाहकडे एलियन जामू प्यायला येतो," कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. मीही हसले. मला तर गालातल्या गालात आणखीच हसू येत होतं, कारण दुरुस्ती अगदी फक्कड जमली होती.

मग आमच्या आळीचे प्रमुख पाक सुगेंग आले. त्यांनी स्वतःचा फोन काढला, लांब धरून वाचला, पुन्हा वाचला आणि खिशात ठेवला. सुरो महिना चालू आहे. या महिन्यात लग्नं नाहीत, नवी कामं नाहीत, दुसऱ्याच, न दिसणाऱ्या मंडळींना मोकळं रान असतं. पण पाक सुगेंग शिकलेला माणूस, ते कशाला घाबरतील? कामाचा विचार डोक्यात असेल. पोरीचं लग्न काढलंय त्यांनी पुढच्या महिन्यात.

मी बनवलंय हे ओठांवर आलं होतं. पण मग बँकांच्या कामाचं काय झालं, ते सांगावं लागलं असतं. गप्प बसले.

२ ऑगस्ट, शुक्रवार

म्बाहकडे गेले होते. हल्ली नऊ वाजताही बाटल्या अर्ध्याच रिकाम्या असतात. "आज जरा जास्त झालं, घे तू," म्हणून मला तीन पेले पाजले, पैसे घेतले नाहीत. पाय दुखतात, फार फिरवत नाही, म्हणाल्या. चांगलं आहे, या वयात जरा आराम हवाच.

जेवायची वेळ होती. चुलीजवळ दोन ताटल्या मांडल्या होत्या, दोन्हींत भात, दोन्हींवर आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेम्पे. मला भूक लागलेलीच होती. मी बाकावर बसायला गेले तर म्बाह म्हणाल्या, "तिथे नको, पोरी, या बाजूला बस." बाकाचा पाय मोडला असणार. एकदा हातोडी घेऊन जायला हवं. मग त्यांनी मला तिसऱ्या ताटलीत वाढलं.

चेहरा इतका निवांत होता त्यांचा. कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता.

५ ऑगस्ट, सोमवार

आई सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "तुला बाबा चापुंग म्हणायचे, आठवतं का?" आठवतं तर. चापुंग, म्हणजे आपला चतुर, शेतावरून भिरभिरणारा. एका जागी टिकायची नाही मी. म्हणून तर ॲपखाली बनवणाऱ्याच्या जागी तेच नाव टाकलंय. आईला आज बाबांची फार आठवण येत असावी. माझ्याकडे बघतच राहिली. मी विषय बदलला.

११ ऑगस्ट, रविवार



सकाळी मी दारात उभी. म्बाह समोरच्या घरी गेल्या. "उद्या, म्बाह." पलीकडच्या घरी. "आताच चहा झाला, म्बाह. उद्या." तिसऱ्या घरी पडदा हलला, पण दार उघडलं नाही. सगळं कसं हसून, मान लववून, दोन्ही हात जोडून. आमच्या गावात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. उद्या म्हणतात. असे किती 'उद्या' पाठीवर घेऊन फिरतायत त्या, कोण जाणे. आणि मी त्यांचे पाय दुखतात म्हणून समाधान मानत होते!

दुपारी शेजारच्या काकू, बु पार्तिनी, लग्नाचा ब्लाउज अंगाला लावून बघायला आल्या. आईने विचारलं, हल्ली जामू घेत नाही का गं? तर बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हातारीने घरात काहीतरी पाळलंय. मुलगा गेल्यापासून एकटी, कुणाचा आधार नाही, तरी इतकी वर्षं कशी भागवते? कोण कमावून देतं तिला? आम्ही नाही म्हणत, फोनच म्हणतो. आणि त्यांनी मला फोन दाखवला.

त्यांचीही अक्षरं मोठी केलेली, चाळिशी लागलेली ना. मी लिहिलंय 'माख्लुक आसिंग'. परका जीव, परग्रहावरचा. मोठ्या अक्षरांत 'आसिंग' कडेला कापलं जातं. उरतं नुसतं 'माख्लुक, इतक्या मीटरवर'. आणि आमच्याकडे नुसतं माख्लुक म्हटल्यावर परग्रहाकडे कोण बघतंय? आमची जुनी मंडळी पुढचा शब्द मनातच जोडतात. हालुस. न दिसणारं. 'फक्त करमणुकीसाठी' ही ओळ तर पडद्याच्या खालीच गेलेली, बोटाने वर सरकवल्याशिवाय दिसतच नाही.

पोरं एलियन बघून हसत होती आणि त्यांचे आईबाप भूत बघून गप्प होत होते. एकाच ठिपक्याकडे बघत. आणि तो ठिपका हलत नाही, कारण एका ताऱ्याचा मला राग आला होता.

बु पार्तिनींना काय बोलले? काही नाही. टाचणी पुढे केली.

१२ ऑगस्ट, सोमवार

दुरुस्तीची दुरुस्ती केली. ठिपका पुन्हा मनाला येईल तसा पडेल, दर खेपेला वेगळीकडे. शब्दही काढला, आता नुसतं 'एलियन' येतं. सगळ्यांच्या फोनमध्ये दोन दिवसांत आपोआप पोचेल. म्बाहच्या घरावरून बोट हटेल, लोक विसरतील, आणि मी नामानिराळी. कुणाला काही सांगायची गरजच नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय, पण सुटल्यासारखंही वाटतंय. दोन्ही खरं आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

स्वातंत्र्यदिनाचे खेळ. दोरीला टांगलेले पापड हात न लावता खायचे, पोत्यात पाय घालून पळायचं. दरवर्षी म्बाह हळद-चिंचेची भली मोठी बरणी मैदानावर आणून ठेवतात, सगळ्यांना फुकट. यंदाही आणली. दुपारी बरणी होती तशीच होती, वर माशा. मी चार पेले प्यायले. पाचवा गळ्याखाली उतरला नाही.

आणि माझी ती शहाणपणाची दुरुस्ती! ठिपका आता कधी विहिरीवर, कधी मशिदीमागे, कधी पाक सुगेंगांच्या गोठ्यात. लोक म्हणतायत, म्हातारीने त्याला मोकळं सोडलंय. ऊन उतरलं की बायका पोरांना घरात घेतात. आगीतून फुफाट्यात घातलं मी त्यांना.

घरी परतताना म्बाहनी मला हाक मारली. फोन पुढे केला. "नूनिंग, तुला फोनमधलं कळतं. बघ गं जरा. तो आता एका जागी बसत नाही."

मला आधी कळलंच नाही, तो कोण.

"आधी रोज जेवायच्या वेळी बाकावर असायचा. एक मीटर दाखवायचं. चार दिवस झाले, कधी अंगणात, कधी रस्त्यावर. त्याला काही दुखत असेल का?"

दोन ताटल्या. तिथे नको बसू. अगं बाई, मी त्या बाकाला हातोडी मारायला निघाले होते.

फोन तपासायचं नाटक केलं आणि बघते म्हणाले. याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोलले नसेन.

१८ ऑगस्ट, रविवार

पाक सुगेंगांची बायको सकाळी घरोघर फिरून बायकांना रेवांगला बोलावून गेली. लग्नाआधी आळीतल्या सगळ्या बायका त्या घरी जमून रांधतात. आईला बोलावलं, मलाही. या गावात गेली तीस वर्षं लग्नाचा भात म्बाह तुगिराहच शिजवत आल्यात. पाचशे माणसांचा भात, एक शीत कच्चं नाही, एक करपलेलं नाही. माझ्या आईच्या लग्नाचा भातही त्यांचाच. त्यांच्या दारावरून बु सुगेंग छत्री उघडून सरळ पुढे गेल्या. पाऊस नव्हता.

जामू नाही घेतलं तर फारतर उपास घडेल. रेवांगला नाही बोलावलं म्हणजे तू आमच्यातली नाहीस. उद्या मेलीस तर तुझाही भात कुणी शिजवणार नाही.

दिवसभर हिशेब मांडतेय. गप्प राहिले तर म्बाहना वारिदी मिळेल, मी ठिपका पुन्हा बाकावर नेऊन ठेवू शकते, पाच मिनिटांचं काम. पण गाव तुटेल. खरं बोलले तर गाव परत मिळेल, वारिदी जाईल. आणि तिसरी गोष्ट, ती लिहायची लाज वाटते: खरं बोलले तर माझं नाव जाईल. ही तिसरीच सारखी आधी आठवते.

१९ ऑगस्ट, सोमवार

आईला सांगितलं. सगळं, बँकेपासून. ती पायाने यंत्र चालवत राहिली. शिवण संपल्यावर दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "बरं. आधी कुणाला सांगणार आहेस? गावाला की तिला?" जराही दचकली नाही. नीट ऐकलंच नसेल बहुतेक, यंत्राचा आवाज केवढा असतो.

पण प्रश्न बरोबर होता.

२० ऑगस्ट, मंगळवार

आधी तिला.

म्बाह हळद वाटत होत्या, नेहमीच्या निम्मीच. दोन ताटल्या मांडलेल्या. मी जमिनीवर बसले. त्या वर बस म्हणाल्या, मी नाही बसले. मग एका दमात बोलून टाकलं. ते यंत्र खोटं आहे. मीच बनवलंय, पोरांच्या खेळासाठी. ठिपका मीच टाकते, कुठेही.

त्यांनी हात धुतले, पुसले. बाकाकडे बघितलं.

"म्हणजे तो तिथे बसत नव्हता?"

"नाही, म्बाह."

"मग तो गेलाय की आहे?"

"ते माझ्या यंत्राला माहीत नाही."

वाटलेली हळद झाकून ठेवली. मग म्हणाल्या, फोनमध्ये भूतच येतं ना, जिवंत माणूस थोडाच दिसणार त्यात. तो दिसला तेव्हाच समजले, गेला माझा वारिदी. पण घरी आला. पुढच्या महिन्यात त्याच्या नावाने जेवण घालणार होते.

"मी रडून मोकळी झाले होते, पोरी," म्हणाल्या. "आता पुन्हा वाट बघायची."

दुसऱ्या ताटलीतला भात त्यांनी परत भांड्यात घातला. मी पाय धरले. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही, बाजूलाही सारला नाही. मी विचारलं, गावात सांगू ना? माफी मागेन सगळ्यांपुढे. त्या उठल्या, फोन आणून माझ्या हातात दिला.

"सांग. तुझं काम आहे ते."

घरी येऊन ॲप बंद केलं. लाखभर लोकांच्या फोनमध्ये होतं. त्याचं आता काहीच वाटलं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

पाक सुगेंगांचं मागचं अंगण. वीसेक बायका, कांद्यांचा ढीग, नारळांचा ढीग. भाताच्या टोपापाशी बु सुगेंगांची बहीण, रडकुंडीला आलेली. पहिला घाणा कच्चा निघाला होता.

सुरी खाली ठेवून उभी राहिले आणि बोलले. आवाज फाटला. कांद्याने सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे माझं कुणाला दिसलं नसेल. मी बनवलंय, ते खोटं आहे, म्बाहच्या घरी काही नव्हतं, कधीच नव्हतं. मला वाटलं होतं, शिव्या देतील. निदान बु पार्तिनी तरी हात उगारतील. तयारीने गेले होते.

सुऱ्या थांबल्या आणि पुन्हा चालू झाल्या. मग बु सुगेंग हसून म्हणाल्या, "अगं, पण आम्ही कुठे काय म्हणालो? म्बाहचे पाय दुखतात ना, म्हणून त्रास दिला नाही." लगेच दुसरी म्हणाली, मला तर पहिल्यापासून खेळच वाटला. तिसरी म्हणाली, पोरांचं काहीतरी. बु पार्तिनींनी तर कानांवर हात ठेवले: मी फोनच बघत नाही मुळी, डोळे कुठे चांगलेत माझे? वीसजणींत एकीनेही कधी विश्वास ठेवला नव्हता. मग जामू नासलं कुणाचं? बरणीवर माशा बसल्या त्या कुणाच्या?

कुणी काही केलंच नव्हतं, तर क्षमा तरी कशाची मागणार आणि कुणापाशी? सगळं माझ्या एकटीच्या ओंजळीत परत आलं. बरोबरच आहे म्हणा, होतंच माझं.

दहा मिनिटांत म्बाहना आणायला स्कूटर गेली. आत्ता बोलावणारच होतो, असं तीनदा म्हणून झालं. आणि स्कूटर लगेच परतली. मागे म्बाह, ठेवणीतली कबाया चोळी घालून, अंबाडा घट्ट बांधून, फूलसुद्धा खोचून. नशीब, आज कुठेतरी जायला तयारच होत्या म्हणायच्या. कुणाकडेही न बघता त्या टोपापाशी गेल्या, झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाल्या, "आच कमी करा." सगळ्याजणी धावल्या.

भात उत्तम झाला. एक शीत कच्चं नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

म्बाहच्या बाटल्या आता आठालाच संपतात. शरमेने दोन-दोन पेले घेतात लोक. 'उद्या' कुणी म्हणत नाही. मी जुना फोन पुसून, साफ करून परत द्यायला गेले होते, नको म्हणाल्या. संध्याकाळी अंगणात, रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या दिसतात, पूर्वी बसायच्या तशा.

आमच्या दारात रोज येतात. मी रोज कडूच मागते. आजही मागितलं. त्यांनी पेला काठोकाठ भरला, मी एका दमात प्यायले आणि सवयीने पेला पुढे धरून उभी राहिले. त्यांनी गोडाच्या बाटलीला हात लावला नाही. पेला माझ्या हातातून घेतला, बादलीत विसळला, टोपली पाठीवर घेतली. रागाने नाही, अगदी सावकाश. पलीकडच्या दारात बु पार्तिनींना कडू दिलं आणि वरून गोड दिलं. मी खांबाला धरून बघत होते.

आज नववा दिवस. आईने यंत्रावरून मान वर केली, म्हणाली, तोंड कडू झालं असेल, डब्यात गूळ आहे. नको म्हटलं.